आवाज बरोबर

दीक्षितपुरा, जबलपूर
३ फेब्रुवारी २०२५

चि. सुखदा,

शैलेंद्र आज सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी गेला. विनीताने सांगितलं. आपल्या वरच्या मजल्यावर राहते ती नर्स, तिची ड्युटी त्याच वॉर्डात होती. बारा दिवस तो नळ्यांवर होता. शेवटचे दोन दिवस गळ्यातून पुन्हा रक्त सुरू झालं आणि ते थांबलंच नाही. विनीता घरी आली तेव्हा तिच्या चपलांवर डाग होते. नळाखाली धरून घासत होती, मग कंटाळून तिने त्या फेकून दिल्या.

दुपारी अंबरीश आला होता. वकील म्हणून त्याने तुला सांगितलं असेलच, तरी लिहितो. निष्काळजीपणाने मृत्यू, हे कलम आता लागणार. त्याची त्याला तेवढी काळजी नाही. पोलीस म्हणतात, सिनेमा खरा वाटावा म्हणून तू समजून-उमजून खरी बंदूक सेटवर आणलीस. हे टिकलं तर जामीन विसरायचा, आणि पुढची कितीतरी वर्षंही.

मला हे समजत नाही. हवेच्या दाबावर चालणारी छऱ्याची बंदूक माणसाचा डोळा फोडते, पण गळा फाडत नाही.

तुझा जबाब अंबरीशने मला वाचायला दिला. ‘बंदूक मी एकटीने तपासली, कुणालाही विचारलं नाही.’ काहून असं लिहून दिलंस?

सगळं क्रमाने कळव. बंदूक कुणाच्या हातात होती, अंतर किती, झटका किती बसला, धूर निघाला का. सिनेमात दाखवतात तसं नको, झालं तसं लिही. उत्तर अंबरीशच्याच हाती दे. त्याच्या फाइलमधून ते थेट माझ्याकडे येईल, मधे कुणी वाचणार नाही.

विनयकाका

*

महिला बराक, जबलपूर
७ फेब्रुवारी

तीर्थरूप काका,

शैलेंद्र गेल्याचं इथे मला एका शिपाईबाईने सांगितलं. ‘तेरा वाला मर गया,’ एवढंच. नंतर अंबरीशदादांनी तुमचं पत्र दिलं.

क्रमाने लिहिते. सिहोऱ्याच्या पुढे बंद पडलेली दगडाची खाण आहे, तिथे शूटिंग. दृश्य असं की, गुंड एका खबऱ्याला गुडघ्यांवर बसवून मारतो. खबऱ्या शैलेंद्र. इथल्या नाटकांतून काम करणारा, पडद्यावर पहिल्यांदाच येत होता. हात पाठीमागे गमछ्याने बांधलेले. बंदूक गुंडाचं काम करणाऱ्या नटाच्या हातात. अंतर सहा फूट. शर्टाखाली छातीवर नकली रक्ताची पिशवी मी स्वतः लावली होती. तेव्हा तो म्हणाला, ‘दीदी, शर्ट धुल जाएगा न? भैया की दुकान का है.’

बंदूक अनुपमची. बडा फुहारा चौकाजवळ सिनेमा-नाटकांना सामान भाड्याने देतो तो. खरी बंदूक सेटवर असली की आमचा एक रिवाज असतो: ज्याच्यावर रोखायची त्याच्यासमोर ती उघडायची, नळीतून त्याला उजेड दाखवायचा आणि तो ‘खाली’ म्हणाला की मगच कॅमेरा. छऱ्याच्या बंदुकीला हे कुणी करत नाही. ताणली नसेल तर ती उडतच नाही. मीही केलं नाही.

आवाज झाला. शैलेंद्र मागे पडायचा होता, तो पुढे पडला. कुणी ‘कट’ म्हटलं नाही. डायरेक्टर हळूच ‘वाह’ म्हणाला. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी वाजवली. मीही वाजवली, काका. बारा वर्षं सिनेमाची हत्यारं सांभाळते आहे, इतकं खरं मरण मी पाहिलं नव्हतं.

मग रक्त दिसलं. आमचं रक्त दाट असतं, ते ओघळतं. हे उसळत होतं, आणि छातीतून नव्हे, जबड्याखालून येत होतं. मी त्या भोकात अंगठा घातला. तो माझ्याकडे बघत पाय झाडत होता. हात अजून मागे बांधलेलेच. ते सोडायचं कुणाला सुचलं नाही.

तेवढ्यात लोकांनी अनुपमला धरलं. लाइटच्या लोखंडी स्टँडने मारत होते. एकाने त्याचा उजवा पंजा दगडावर दाबून धरला, दुसऱ्याने वरून स्टँड आपटला, चार-पाच वेळा. मी दहा फुटांवर अंगठा दाबून बसले होते. इकडे शैलेंद्रच्या गळ्यातली घरघर, तिकडे हाडं मोडण्याचा आवाज. दोन्ही एकदम ऐकू येत होतं.

धूर फारसा नव्हता. झटका मला दिसला नाही.

जबाबाचं विचारू नका. सत्तरीच्या माणसाला ठाण्याच्या बाकावर बसवणं मला नको होतं.

आई दोनदा मुलाखतीला येऊन गेली. तुम्ही एकदाही नाही. लहानपणी सिनेमा बघताना हिरो बंदूक काढायचा आणि तुम्ही खुर्चीतूनच निकाल द्यायचे, ‘छऱ्याची.’ व्हिलन मरो, हिरोची बहीण मरो, तुमचं आपलं ‘छऱ्याची.’ सगळे हसायचे. मी हसत नव्हते, मी तुम्ही काय बघता ते बघत होते. त्याच्यावरच माझं पोट चाललं. तुम्ही रागावला असाल तर तसं सरळ लिहा.

तुमची
सुखदा

*

दीक्षितपुरा
१२ फेब्रुवारी

चि. सुखदा,

रागावलेलो नाही. गुडघा धरला आहे, शिवाय आता डाव्या मनगटाला प्लास्टर आहे. ते कसं ते पुढे सांगतो.

प्रयोगशाळेचा अहवाल आला. बंदूक मुळात छऱ्याचीच होती. कुणीतरी आतून बदल करून ती काडतुसाची केली. बाहेरून ओरखडासुद्धा नाही. अनुपमने इस्पितळातून जबाब दिला आहे, सहीऐवजी डाव्या अंगठ्याचा ठसा, उजव्या हाताला बोटं म्हणावीत असं काही उरलेलं नाही. बंदूक त्याने एका गावातून आणली. तिथे शेतात घुसणाऱ्या डुकरांवर ती चालवत असत. खरी म्हटलं की परवाना मागणार आणि भाडं बुडणार, म्हणून तुझ्यापाशी तो छऱ्याची म्हणाला. तू मला पाठवलास त्या व्हिडिओसाठी त्याने डब्यावर एक गोळी झाडली, पुन्हा दाखवू म्हणून तुझ्याकडे पाठ करून दुसरी भरली, तेवढ्यात डायरेक्टरने त्याला हाक मारली. ती दुसरी गोळी तशीच आत राहिली.

तो व्हिडिओ मी पुन्हा पुन्हा बघितला. अनुपमचा खांदा हलत नाही. धूर नाही. रिकामं काडतूस उडत नाही. बट, नळी, शिक्का, सगळं छऱ्याच्या बंदुकीचं. एकतीस वर्षं कारखान्याच्या चाचणीच्या मैदानावर मी बंदुका उडवल्या आणि तपासल्या. माझ्या डोळ्यांनी चूक केलेली नाही.

मनगटाचं असं. रविवारी भय्यासाहेब आला, शैलेंद्रचा थोरला भाऊ. फुहाऱ्यावर कापडाचं दुकान आहे त्याचं. मी सिनेमा बघत होतो. दार कधी तुटलं ते कळलं नाही. जमीन हादरली म्हणून वळून बघितलं तर तो सळई घेऊन मागे उभा. त्याने काहीतरी विचारलं, पुन्हा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं. मी मान हलवली. त्याने सळई घातली. मी हात आडवा धरला म्हणून डोकं वाचलं. मग तो टीव्हीकडे वळला आणि टीव्ही फुटला तरी मारत राहिला. काच त्याच्याच हातात घुसली. विनीता वरून धावत आली आणि तिने आधी त्याचा हात बांधला, मग माझा. एकाच ओढणीचे दोन तुकडे करून.

मी तक्रार दिलेली नाही. देणारही नाही.

विनयकाका

*

महिला बराक
१६ फेब्रुवारी

काका,

तुमचं पत्र चार वेळा वाचलं. खांदा, धूर, काडतूस, शिक्का, सगळं लिहिलंत. एक गोष्ट लिहिली नाहीत.

बावीस तारखेला दुपारी चार वाजता मी तुम्हाला व्हिडिओ पाठवला तेव्हा खाली दोन ओळी लिहिल्या होत्या. पहिली, ‘छऱ्याचीच ना?’ दुसरी, ‘आवाज जरा मोठा वाटतो, नीट ऐकून सांगा.’

तुमचं उत्तर आलं: ‘छऱ्याचीच. आवाज बरोबर.’

मी त्या डब्यापासून पंधरा फुटांवर होते. छऱ्याची बंदूक ‘फट’ करते, तुम्हीच शिकवलंत. ही कडाडली होती. खाणीच्या भिंतीवरून आवाज परत आला आणि माझ्या डाव्या कानात शिटी वाजत राहिली. खाण आहे, घुमतं, असं मी मनाला सांगितलं. तरी विचारलं. तुम्ही दोन शब्दांत मिटवलंत.

ते संदेश मी पोलिसांची जीप येण्याआधी पुसून टाकले. फोन त्यांच्याकडे आहे, त्यात काही नाही. तुम्हाला यात ओढायचं नाही, इतकंच तेव्हा डोक्यात होतं. आता पोलीस विचारतात, बाई, इतका अनुभव, मग कुणाला दाखवली कशी नाही? म्हणजे ठाऊक होतं. अंबरीशदादा म्हणतात, या प्रश्नाला आपल्याजवळ उत्तर नाही.

रात्री झोपताना मी तो आवाज ऐकते. डब्यावरचा पहिला आणि शैलेंद्रवरचा दुसरा. काका, दोन्ही एकच आहेत. तुम्ही जन्मभर हे काम केलंत. तुम्हाला तो छऱ्याचा कसा वाटला?

आणि मुलाखतीला का येत नाही? आईला विचारलं तर म्हणाली, गुडघा ठीक आहे, रोज भाजी आणून राहिले.

सुखदा

*

दीक्षितपुरा
१९ फेब्रुवारी

चि. सुखदा,

मला तो छऱ्याचा वाटला नाही. मला तो काहीच वाटला नाही. मी तो ऐकलेला नाही.

दोन वर्षं झाली. उजवा कान आधीच गेला होता, आता डावाही. तुम्ही सगळ्यांनी घेऊन दिलेलं मशीन टेबलाच्या खणात आहे. पहिले काही महिने त्यातून भांडी पडल्यासारखं ऐकू यायचं, मग तेही बंद झालं. फोन घुमतो म्हणून मी पत्रं लिहितो, असं तुम्ही समजत होतात. मी समजू दिलं. ओठ बघून बरंच कळतं, आणि नाही कळलं तर मी मान हलवतो. म्हातारा माणूस मान हलवतो यात कुणाला नवल वाटत नाही.

मैदानावर आमच्यात कानात कापूस घालणाऱ्याला ‘दुल्हन’ म्हणायचे. डब्यात कापूस असायचा, कुणी हात लावत नसे. मी तर मुळीच नाही. संध्याकाळी घरी आलो की तासभर कानात गोळीबार चालू असायचा आणि मला त्याचा अभिमान होता.

सिनेमा मी आवाज बंद करून बघतो ते तुला माझी शिस्त वाटायचं. विनीताला वाटतं, तिची झोप मोडू नये म्हणून बंद ठेवतो.

तू ‘नीट ऐकून सांगा’ लिहिलंस. मला एवढंच लिहायचं होतं की ऐकू येत नाही, दुसऱ्या कुणाला ऐकव. तीनदा लिहायला घेतलं आणि पुसलं. म्हटलं, डोळ्यांना छऱ्याची दिसते आहे, मग आवाजही छऱ्याचाच असणार. आणि तू पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाला विचारशील, ही भीती होती. ती मोठी होती.

तुझं पत्र आल्यावर विनीताला खाली बोलावलं. ती चहा घेऊन बसली. मी फोनचा आवाज पूर्ण वाढवला, व्हिडिओ लावला, आणि पडद्याकडे न बघता तिच्याकडे बघत राहिलो. तिचे खांदे उडाले. चहा मांडीवर सांडला. ती मला ओरडली, ते ओठांवरून समजलं: ‘काका, काहून लावलं असं? ही तर गोळी आहे.’

नर्स आहे. तिने आयुष्यात बंदूक हातात धरलेली नाही. तिला एका क्षणात कळलं.

मी तिला विचारलं, त्या दिवशी भय्यासाहेब काय म्हणत होता? तिने कागदावर लिहून दिलं: ‘तुमने बोला था न, छर्रे वाली है?’ तीनदा तेच विचारत होता. अनुपमने पोलिसांना नाही, पण त्याला माझं नाव सांगितलं होतं. आणि मी मान हलवली. त्याच्या भावाला चितेवर ठेवून सहावा दिवस, आणि म्हातारा त्याच्यासमोर टीव्हीवर बंदुका बघत शांतपणे ‘हो’ म्हणतो. सळई डोक्यात बसली असती तरी मला बोलायला जागा नव्हती.

मुलाखतीचं तुला आता समजलं असेल. काचेपलीकडे तू आणि माझ्या हातात फोनचा रिसीव्हर. अंधुक काचेतून ओठ दिसत नाहीत. मी तिथपर्यंत आलो होतो, गेल्या शनिवारी. तुझी आई बोलत होती, मी मागे खांबाजवळ उभा होतो. तू रडत होतीस का हसत होतीस तेही कळलं नाही. तसाच परतलो.

तुझ्या फोनमधून संदेश गेले, माझ्यातून गेलेले नाहीत. व्हिडिओ, तुझ्या दोन ओळी, माझी एक. मी ते अंबरीशला देणार आहे. तू विचारलं होतंस आणि विचारलेल्याने खोटं सांगितलं, हे कोर्टासमोर आलं की ‘ठाऊक होतं’ हा मुद्दा पडतो. तू नाही म्हणू नकोस.

विनयकाका

*

महिला बराक
२२ फेब्रुवारी

काका,

नाही म्हणायचं ठरवलं होतं. अंबरीशदादांसमोर म्हटलंही. ते म्हणाले, ‘तू हो म्हण की नाही म्हण, काका फोन देऊन मोकळे झाले. पावती घेतली पोलिसांकडून.’

मग एक गोष्ट कोर्टात तुमच्याइतकीच नीट सांगायची आहे. मला वाचवण्यासाठी ती गाळू नका. माझे कान चांगले होते. मी तिथे उभी होते. मला तो आवाज गोळीचा वाटला, आणि मी तुमच्याकडून तो छऱ्याचा करून घेतला. डायरेक्टर घाई करत होता, सूर्य खाली चालला होता, दुसरी बंदूक आणायला सिहोऱ्याला माणूस पाठवावा लागला असता.

शैलेंद्रने विचारलं होतं. गुडघ्यांवर बसताना. ‘दीदी, एक बार खोल के दिखा दो.’ त्याने कुठेतरी वाचलं होतं म्हणे, की दाखवतात. मी म्हटलं, ‘अरे, छर्रे वाली है. मेरे काका ने देखी है.’ तो हसला. ‘चलो, फिर तो ठीक है.’

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नव्हतं. हे त्याच्या भावाला कळायला हवं.

तुम्ही पुढच्या वेळी मुलाखतीला याल तेव्हा वही आणा. काचेला लावून लिहू.

सुखदा

*

दीक्षितपुरा
२५ फेब्रुवारी

चि. सुखदा,

तुझं पत्र अंबरीशला दाखवलं. ‘काका, तुम्ही दोघं मिळून माझी केस लढवून राहिले की बुडवून राहिले?’ असं त्याने विचारलं. मग म्हणाला, सगळंच सांगू. जामिनाची खात्री त्याला आधी होती त्याहून कमी आहे आणि त्याहून जास्तही, असं काहीतरी वकिली बोलला. मला जामीन मिळेल असं वाटतं. खटला होईल आणि त्यात आपण दोघंही असू, हेही त्याने बजावलं.

काल मी फुहाऱ्यावर गेलो. भय्यासाहेब कापड मोजत होता. हाताला अजून पट्टी. मी त्याच्या समोर बसलो आणि वही पुढे केली. तुझ्या पत्रातला शैलेंद्रचा प्रश्न आणि तुझं उत्तर मी हिंदीत उतरवून नेलं होतं, खाली माझ्या कानांचं. त्याने वाचलं. गिऱ्हाईक थांबलं होतं, त्याला हाताने जा म्हणाला. मग त्याने मोजायचा लोखंडी गज उचलला. मी हललो नाही. त्याने तो आपल्याच गल्ल्यावर आपटला, पट्टी लाल होईपर्यंत. शेवटी पेन्सिल घेतली आणि माझ्या वहीत लिहिलं: ‘गुरुवार को मैं भी आऊँगा. ये सब वहाँ मुँह से बोलना.’

मी मान हलवली. या वेळी वाचून हलवली.

परवा गुरुवार, सिहोऱ्याचं कोर्ट. आठच्या बसने मी, तुझी आई आणि विनीता निघू. तुला जेलच्या गाडीतून आणतील. अंबरीशने व्हिडिओ कोर्टात मोठ्या स्पीकरवर लावायची परवानगी मागितली आहे. तो लागेल तेव्हा सगळे दचकतील. भय्यासाहेब दुसऱ्या बाकावर असेल. मी पडद्याकडे बघणार नाही.

जजसाहेब मला प्रश्न विचारतील ते अंबरीश मोठ्या अक्षरांत लिहून समोर धरेल. पहिला कोणता असेल तेही त्याने सांगून ठेवलं आहे: ‘आवाज ऐकला होता का?’

पुकारा साडेअकराच्या सुमारास होईल. तो मला ऐकू येणार नाही. विनीता माझ्या शेजारी बसेल. नाव पुकारलं की ती खांद्यावर हात ठेवेल, आणि मी उठेन.

विनयकाका